अडुळशाच्या पाण्यातली चांदी

आमच्या घरात चांदी कायम असायची, पण ती आमची कधीच नव्हती. हुपरीत अशी घरं पुष्कळ आहेत. व्यापाऱ्याकडून चांदी वजन करून यायची. आप्पा, म्हणजे माझे वडील, तिची तार ओढायचे, कड्या पाडायचे. आई त्या कड्या एकात एक गुंतवून पैंजणाची साखळी करायची. माल परत जायचा तोही वजन करूनच. मधे जी कणकण उडते, झिजते, तिला आमच्याकडं घट म्हणतात. घट जास्त झाली की आप्पांचा चेहरा उतरायचा. म्हणून आई कामाच्या खोलीतला केर कधी बाहेर टाकत नसे. तो एका डब्यात साठायचा, कारण त्यात चांदी असायची. सगळ्यांच्याच घरी केर असा जपून ठेवतात, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

त्या घरातली कॉलेजला गेलेली मी पहिली. आधी बी.एस्सी., मग केमिस्ट्री घेऊन कोल्हापूरला एम.एस्सी. हे मी चारचौघांत सांगते आणि सांगत राहणार. ज्याला मिरवणं म्हणायचं त्यानं म्हणावं.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक प्रोजेक्ट करावं लागतं. ते वेळेत झालं नाही तर त्या वर्षी डिग्री नाही, एवढं सरळ गणित. माझ्या मॅडमनी मला विषय दिला, वनस्पतीच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण तयार करणे. ऐकायला भारी वाटतं, पण करायला जवळजवळ स्वयंपाकासारखं आहे. सिल्व्हर नायट्रेट नावाचा चांदीचा क्षार असतो. तो पाण्यात विरघळला की पाणी दिसतं तसंच दिसतं, नितळ. दुसरीकडं एखाद्या झाडाची पानं पाण्यात उकळायची, गाळायची आणि तो अर्क थोडाथोडा त्या नितळ पाण्यात सोडायचा. पानातल्या द्रव्यांमुळं विरघळलेली चांदी पुन्हा चांदी होते, पण इतकी बारीक की कण डोळ्याला दिसतच नाही. दिसतो तो फक्त रंग. पाणी पिवळं होतं, मग तपकिरी. तपकिरी झालं की समजायचं, जमलं.

घरी जाऊन मी हे सांगितलं. आप्पा तार ओढत होते. हात थांबवून म्हणाले, "म्हणजे चांदी पाण्यात घालायची?"

"व्हय."

"आणि मग काढायची."

"काढायची न्हाय आप्पा. पाण्यातच ठेवायची."

"मग हाय का न्हाय कळणार कसं?"

"रंगावरनं. तपकिरी होत्या."

"चांदीचा रंग चांदीचा असतोय, पोरी."

"लई बारीक केली की बदलतोय."

आप्पांनी आईकडं बघितलं. "कॉलेजात घट भलतीच दिसत्या," म्हणाले आणि पुन्हा तार ओढायला लागले.

पहिला प्रयोग मी अडुळशाच्या पानांवर केला. आमच्या डिपार्टमेंटच्या मागं अडुळशाचं कुंपण होतं. मलकापूरची एक मैत्रीण माझ्या शेजारच्या टेबलावर काम करायची. तिनंच पानं तोडायला मदत केली. अर्क घातला आणि आम्ही दोघी चहाला गेलो. परत आलो तर फ्लास्कमधलं पाणी कोऱ्या चहासारखं झालेलं. मी इतक्या जोरात ओरडले की मॅडम धावत आल्या. त्यांना वाटलं काहीतरी फुटलं.

मॅडम म्हणाल्या, "छान. आता हेच पुन्हा पुन्हा करून दाखव. एकदा आलं ते नशीब, दरवेळी आलं ते शास्त्र."

इथंच गाडी अडली. कुणी मोठे पाहुणे येणार म्हणून माळ्यानं ते कुंपण बुडापासून छाटलं. नुसती खुंटं राहिली. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही, कारण आमच्या घरामागं न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला अडुळसा होता, माझ्याहून उंच. घरात कुणाला खोकला झाला की आई त्याचाच काढा करायची.

मी हॉस्टेलला राहायचे. शनिवारी घरी यायचे, सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत. आईला म्हटलं, "मला अडुळशाची पानं लागणार. स्वच्छ धुऊन, सावलीत वाळवून ठेवशील?"

"ठेवतो की," आई म्हणाली. आमच्याकडं बायकाही 'आलो, गेलो, करतो' असंच बोलतात. "कशाला पायजेत? खोकला झालाय?"

"मला न्हाय. चांदीला."

"चांदीला खोकला!" आई हसून हसून लाल झाली. पण काम तिनं असं अंगावर घेतलं की काय सांगू. माझ्या सगळ्या शिक्षणात तिला हात घालता येईल अशी ही पहिलीच गोष्ट होती. शाळेत असताना ती मला अभ्यासाला बसवायची, पण पुस्तकात काय आहे ते तिला माहीत नसे. आता मात्र पुस्तकातलं काहीतरी तिच्या न्हाणीमागं उगवलेलं होतं. ती निबर पानं सोडायची, कोवळी सोडायची, मधली निवडायची. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात बांधून सोमवारी माझ्या हातात द्यायची. शनिवारी मी उंबऱ्यात पाऊल टाकायच्या आत विचारायची, "आला का रंग?"

रंग आला नाही. अर्क सोडल्या सोडल्या पाणी पांढरं व्हायचं, ताकाच्या निवळीसारखं. खिडकीत उन्हाला ठेवलं तर करडं-जांभळं पडायचं. बी.एस्सी.च्या पोरालाही कळेल की हे क्लोराइड आहे. म्हणजे कुठून तरी मीठ शिरतंय, आणि चांदी मिठाला धरून खाली बसतीय. प्रश्न एवढाच की मीठ शिरतंय कुठून.

मी आणि मैत्रिणीनं सगळी लॅब पालथी घातली. फ्लास्क नळाच्या पाण्यानं धुतले म्हणून असेल, तर सगळे फ्लास्क डिस्टिल्ड वॉटरनं पुन्हा धुतले. पांढरंच. डिस्टिल्ड वॉटरच खराब असेल, म्हणून त्यात नुसतं सिल्व्हर नायट्रेट टाकून बघितलं. नितळ. नायट्रेटची बाटली जुनी असेल, म्हणून मॅडमनी स्वतःच्या कपाटातली नवी काढून दिली. पांढरंच. माझी बोटं मात्र सिल्व्हर नायट्रेट सांडून काळी पडली. ते डाग साबणानं जात नाहीत, कातडी बदलते तेव्हाच जातात. गल्लीतली एक काकू म्हणाली, "काय गं, एवढं शिकलीस आणि हात आमच्यापरास काळं?" मी म्हटलं, "काकू, चांदीचं काळं हाय. असलं काळं सगळ्यांच्या नशिबात नसतंय."

बोलायला ठीक होतं, पण आतून माझा धीर सुटत चालला होता.

शेवटी राहिला नुसता अर्क. तो तपासला तर मीठ त्यातच. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या त्या पट्ट्यात ऊस, भरमसाट पाणी, जमिनी क्षारपड झाल्यात. झाड जमिनीतूनच मीठ ओढत असणार. दसऱ्याची सुट्टी झाली की झाड बदल. पेरू घे, गवती चहा घे. पण आतापर्यंतचं सगळं पुन्हा करावं लागेल, आणि ते यंदाच्या यंदा सबमिट होईल असं मी सांगू शकत नाही."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्या भागात पांढरी फुललेली रानं मीही बघितलीत. पण मला ते फार लागलं. आमची माती खारी, आमचं झाड खारं, असं कुणीतरी ठरवून टाकल्यासारखं वाटलं. डिग्री वर्षभर लांबली तर आप्पा काही बोलले नसते. ते फक्त व्यापाऱ्याच्या पेढीवर "पोरगी यंदा एम.एस्सी. होणार" असं सांगायचे ते बंद झाले असते. आणि आईला काय सांगणार होते मी? तुझी पानं नकोत?

खंडेनवमीला आमच्याकडं काम बंद असतं. हत्यारांची पूजा असते. आप्पांचे हातोडे, चिमटे, तार ओढायची पट्टी, तराजू, सगळं घासूनपुसून पाटावर मांडतात. रांगोळी काढायला म्हणून मी त्या दिवशी लवकर उठले. एरवी पानं धुणं-वाळवणं मी हॉस्टेलला असतानाच उरकायचं, आणि सोमवारी गाठोडं तयार असायचं. त्या दिवशी मी परसात गेले तर आई मोरीपाशी बसलेली. पुढ्यात मोठं पातेलं. त्यात हिरवीगार पानं. आणि तिच्या मुठीत खडा मीठ.

"आई, काय करतीस?"

"तुझी पानं धुतोय की."

"आणि मीठ?"

"किडं असत्यात गं पानाच्या मागं. मिठाच्या पाण्यात ठेवली की बाहेर येत्यात. फ्लॉवर न्हाय का धुवत आपण?"

"दरवेळी घालतीस?"

"मग! पार भाकऱ्या होईस्तोवर ठेवतो भिजत." मग जरा अभिमानानं म्हणाली, "तू म्हणालीस न्हाय का, रंग येईना झालाय. तवापासनं दोन मुठी घालतो. म्हटलं, पानं चांगली स्वच्छ होऊ देत. कॉलेजात किडं निघालं तर लोक म्हणायचं, हुपरीचा पाला किडका."

मी तिथंच न्हाणीच्या दगडावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. घरून धुऊन आलेली पानं म्हणून मी लॅबमध्ये त्यांच्यावरून डिस्टिल्ड वॉटर नुसतं फिरवायचे. भाकऱ्या होईपर्यंत मुरलेलं मीठ त्यानं थोडंच जाणार होतं! आई पाण्यात हात तसाच ठेवून माझ्याकडं बघत राहिली. आप्पा हातात कुंकवाची कोयरी घेऊन बाहेर आले. मी दोघांना सगळं सांगितलं. चांदीला मीठ दिसलं की ती त्यालाच जाऊन चिकटते, पांढरी होऊन खाली बसते, मग रंग कुठला यायला.

आईचा चेहरा पडायला लागला. "म्हणजे माझ्यामुळंच..."

"आई, आपलं झाड चांगलं हाय. आपली माती चांगली हाय. निस्तं मीठ हाय ते!" मी तिला गदागदा हलवून म्हटलं. त्या क्षणी मला इतकं हलकं वाटत होतं की तिला उचलून घ्यावं.

तिनं हात झटकले. पदराला पुसले. आणि मग तिचा मूळ आवाज परत आला. "आगं मग आधी सांगायचं न्हाईस व्हय? औषध देताना वैद्यबी सांगतोय, ह्ये खा, त्ये खाऊ नका. तुझ्या चांदीला मिठाचं पथ्य हाय, हे मला काय सपान पडणार?"

आप्पा म्हणाले, "पोरगी कॉलेजात मीठ हुडकायली, आणि मीठ घरात."

"तुमी गप बसा. तुमच्या हत्यारांस्नी कुंकू लावा जावा."

सुट्टीनंतर मी मॅडमना सांगितलं. त्या रागावतील, निदान हसतील अशी माझी तयारी होती. कुणाच्या आईच्या भोळेपणाची गोष्ट लॅबभर व्हायला वेळ लागत नाही. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "उगाच तुमच्या जमिनीवर आळ घेतला मी." मग म्हणाल्या, "आता हे लपवू नकोस. मुद्दाम कर. एकाच झाडाची पानं घे, अर्धी मिठाच्या पाण्यातली, अर्धी साध्या डिस्टिल्डमधली. दोन्ही शेजारी ठेवून दाखव. अडचण कळली तर तिचंही काम होतं." त्या दिवसापासून मी त्यांना जे मानते ते मार्कांसाठी नाही. आईची चूक त्यांनी माझ्या कामात मानानं बसवली, त्यासाठी मानते.

मी लॅबमधून डिस्टिल्ड वॉटरचा एक कॅन घरी नेला. पानं ह्याच पाण्यात धुवायची, दुसरं काही नाही, असं बजावलं. आईनं तो कॅन पिण्याच्या घागरीशेजारी, पण एका वेगळ्या पाटावर ठेवला. घरात त्याचं नाव पडलं पावण्याचं पाणी. एकदा आप्पा तहानेनं त्याला हात लावायला गेले तर आई ओरडली, "ठेवा त्ये! पथ्याचं हाय!"

पुढच्या सोमवारच्या पानांना रंग आला. त्याच्या पुढच्याही. एकदा आलं ते नशीब, दरवेळी आलं ते शास्त्र. मशीनवर आलेख काढला तर चांदीचा उंचवटा जिथं यायला हवा तिथंच आला. मैत्रीण म्हणाली, "तुझ्या आईला सांग, चांदीचा खोकला बरा झाला."

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक सर येणार होते. प्रयोग त्यांच्यासमोर करून दाखवायचा होता आणि नवी वाळवलेली पानं हवी होती. त्या आठवड्यात लिहायचं इतकं होतं की मला घरी जाता आलं नाही. फोनवर आई म्हणाली, "मी येतो घिऊन." ती कॉलेजात कधी आली नव्हती. सकाळच्या एसटीनं आली, इस्त्रीची साडी नेसून, हातात पानांचं गाठोडं आणि पावण्याच्या पाण्याचा कॅनही. कॅन का आणलास विचारलं तर म्हणाली, "वाटंत धूळ बसली म्हणजे?"

तिला बाहेरच्या बाकावर बसवून मी आत गेले. सर करड्या मिशांचे, कमी बोलणारे. अर्क सोडला, फ्लास्क गरम पाण्यात ठेवला. वाट बघताना सरांची नजर टेबलावरच्या दुसऱ्या बाटलीवर गेली. पांढऱ्या, खाली साका बसलेल्या.

"हे काय?"

"क्लोराइड, सर. पानं मिठाच्या पाण्यात धुतलेली होती."

"पानं मिठाच्या पाण्यात कुणी धुतली?"

मी सरळ सांगितलं. "माझ्या आईनं, सर. किडे जावेत म्हणून."

दाराशी उभ्या असलेल्या माझ्या मैत्रिणीनं हे ऐकलं आणि बाहेर जाऊन आईला म्हणाली, "मावशी, आत मिठाचंच विचारायलेत." तिला गंमत सांगायची होती. पण आईनं गाठोड्याचं फडकं बाकावर टाकलं आणि कुणाला न विचारता थेट आत आली. पदर डोक्यावर, हात जोडलेले.

"सायेब, मीठ मी घातलंतं. पोरीला काय ठाव न्हवतं. तिचं मार्क कापू नकासा."

अशा वेळी जमिनीत शिरावंसं कुणालाही वाटलं असतं. मला तसं अजिबात वाटलं नाही. माझ्या बाजूनं बोलायला असं दार ढकलून आत येणारं माणूस त्या खोलीत दुसरं कुणाचं होतं?

सर खुर्चीतून उठले. "मावशी, मार्क कापत नाही. बसा तुम्ही. रंग येतोय, तो बघा."

आई बसली नाही. फ्लास्कजवळ जाऊन वाकून उभी राहिली. इतके महिने ती ज्याची पानं निवडत होती ते तिनं कधी बघितलंच नव्हतं. पाणी आधी गव्हाच्या काडाच्या रंगाचं झालं. मग मधासारखं. मग हळूहळू गडद होत गेलं. आई डोळ्याची पापणी न हलवता बघत होती.

"काढ्यागत झालं की," ती म्हणाली. मग सरांकडं वळून, "खोकल्यावर चालंल व्हय?"

सर पहिल्यांदा हसले. "नाही मावशी. हे पिऊ नका." मग माझ्याकडं वळून त्यांनी खूप प्रश्न विचारले, कडक, एकही सोपा नाही. मी उत्तरं दिली. आई तेवढा वेळ फ्लास्कपाशीच उभी होती, राखण करत असल्यासारखी.

मी त्याच वर्षी एम.एस्सी. झाले. आप्पांनी पेढे वाटले, आणि ते पेढीवर काय काय बोलले असतील याचा मी अंदाजच करू शकते. ज्यांच्या जोरावर झाले त्यांना धन्यवाद म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. म्हटलं तर आई विचारते, "का, कुठं निघालीस?" म्हणून इथं लिहून ठेवते. मॅडम, मैत्रीण, ते सर, आमचा अडुळसा, आणि हे दोघं. ह्यातलं एक जरी कमी असतं तरी माझं पाणी पांढरंच राहिलं असतं.

एक छोटी बाटली मी घरी नेली. आप्पांनी ती उजेडात धरली, सवयीनं तळहातावर तोलली, आणि कामाच्या खोलीत खिडकीत ठेवली. कधीमधी मान वर करून तिच्याकडं बघायचे. परवा मी घरी गेले तर त्यांनी मला हाक मारली. बाटलीच्या तळाशी काळपट थर बसला होता आणि वरचं पाणी निवळलं होतं. आमच्या शास्त्रात त्याला कण एकत्र येऊन बिघडणं म्हणतात. पण आप्पांचा चेहरा असा फुलला होता की मी ते सांगितलं नाही.

"आता दिसली बघ," ते म्हणाले. "बसली न्हवं खाली? चांदी हाय म्हणजे बसणारच." मग जरा थांबून त्यांनी दारात उभ्या असलेल्या आईकडं संशयानं बघितलं.

"माझ्याकडं काय बघतासा?" आई म्हणाली. "ह्या बारीला मी मीठ न्हाय घातलं."